ढगाचा पत्ता

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात पावसाने ओढ दिली. तिथल्या राष्ट्रीय दुष्काळ गटाने पाणी वाचवायचे जे घरगुती उपाय सुचवले, त्यांत गळक्या संडासाची टाकी दुरुस्त करा, हिरवळ वाळली तर वाळू द्या, यांच्या पंगतीला आणखी एक येऊन बसला: जुने ईमेल आणि फोटो पुसून टाका. कारण काय, तर हे सगळे जिथे साठते ती संगणकांची गोदामे, म्हणजे डेटा सेंटर, थंड ठेवायला पाणी लागते. ही बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा एका भाचीने रोज सकाळी गुलाबाची फुले पाठवणाऱ्या काकांना सुनावले, की आता तरी पृथ्वीची दया करा. काका म्हणाले, आधी तुझा एसी बंद कर. मग तिसऱ्याने सांगितले, की एआयला ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ म्हणण्यात कोट्यवधी डॉलरची वीज जाते. चौथ्याने उत्तर दिले, की सगळे कागदावरून फोनवर आले म्हणून झाडे वाचली, उगीच रडू नका. दोन दिवस हे चालले. गंमत अशी, की वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जाणती माणसे हा वाद घालतात तेव्हाही तो याच्या फारसा पुढे जात नाही.

डिजिटल तंत्रज्ञानाचा पर्यावरणावर भार पडतो, तो खरा आहे आणि वाढतो आहे. पण एका मेलमागे किती, एका प्रश्नामागे किती, ही त्याची मोजपट्टीच चुकीची आहे. हा हिशेब ठिकाणावार मांडायला हवा. वीज कुठून आली, पाणी कुठल्या धरणातले, राख कुणाच्या अंगणात पडली आणि शेवटचे भंगार कुठल्या गल्लीत गेले? ‘क्लाउड’ हे नाव ज्याने ठेवले तो फार हुशार असला पाहिजे. ढगाला पत्ता नसतो. आपल्या या ढगाला मात्र चांगला पिनकोडसकट पत्ता आहे: ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेचा निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालच्या केबल इथे किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत आणि वीज सहसा जात नाही.

आधी, हा भार किरकोळ आहे म्हणणाऱ्यांचे जे खरे आहे ते मान्य करू. एकेका मेलचा, एकेका प्रश्नाचा भार खरोखर नगण्य आहे. काही वर्षांपूर्वी ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या फ्रेंच संस्थेच्या हवाल्याने जगभर छापून आले, की अर्धा तास व्हिडिओ पाहिला तर १.६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पुढे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषकाने आकडेमोड तपासली, तेव्हा तीत बिट आणि बाइट (आठ बिटांचा एक बाइट) यांचा घोळ निघाला, म्हणजे एका जागी सरळ आठपट चूक. बाकीच्या गृहीतकांनी आकडा आणखी फुगला होता. दुरुस्त हिशेब तासाला ३६ ग्रॅमांच्या आसपास आला. एआयचेही तसेच. गूगलने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या मजकुराच्या एका सर्वसाधारण प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज लागते. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन आपल्या चॅटजीपीटीसाठी ०.३४ सांगतात. हे आकडे कंपन्यांनी स्वतःच दिलेले आहेत आणि गूगलच्या आकड्यात चित्रे किंवा व्हिडिओ बनवणे धरलेले नाही, हे ध्यानात ठेवूनही ढोबळ गणित करा. दोन हजार वॉटचा गीझर पाव तास चालला, तर तेवढ्या विजेत सुमारे दीड ते दोन हजार प्रश्न विचारून होतात. तेव्हा काकांचे गुलाब निर्दोष आहेत, आणि दुष्काळात मेल पुसणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. साठवून ठेवलेला मेल फारसे काही खात नाही, आणि तो इंग्लंडात साठवलेला असेलच असेही नाही.

यावर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असे म्हणणारे लोक आहेत, आणि तेही चुकीचे बोलत नाहीत. पण तळे साचते तेव्हा ते कुणाच्या तरी शेतात साचते. ते कुणाच्या, हे थेंब मोजून कळत नाही.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासातून येतो. १९९९ साली अमेरिकेत ‘फोर्ब्स’ नियतकालिकात दोन लेखकांनी भाकीत केले होते, की संगणक येताहेत, आता आणखी कोळसा खणा. दहा वर्षांत देशातली निम्मी वीज इंटरनेटच्या पायात जाईल. तसे काही झाले नाही. पुढे ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासाने दाखवले, की २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरांचे काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढले आणि वीज वाढली अवघी ६ टक्के. तंत्रज्ञान स्वतःची भूक स्वतः आवरते, अशी श्रद्धा ज्यांची आहे त्यांना याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

पण तो चमत्कार घडला कसा? त्या वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांच्या कोपऱ्यातल्या सर्व्हर खोल्या बंद झाल्या. तिथे एक जुनाट यंत्र दिवसरात्र घुमायचे आणि त्याच्यासाठी एक एसी अखंड चालायचा. ते सगळे काम मोठ्या, शिस्तीत चालणाऱ्या डेटा सेंटरांत गेले. गावभरच्या चुली विझवून एका भटारखान्यात स्वयंपाक केला तर लाकूड वाचणारच. पण चुली एकदाच विझवता येतात. उत्तम डेटा सेंटरांत यंत्रांना लागणाऱ्या विजेवर थंडावा वगैरेंसाठी आता जेमतेम १० टक्के जादा वीज लागते. तिथे आणखी किती वाचवणार? शिवाय वाचवलेले तसेच शिल्लक राहते कुठे? १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले तेव्हा देशाचा कोळशाचा खप घटला नाही, वाढला; इंजिन परवडू लागले म्हणून ते नाही नाही तिथे बसवले गेले. मोबाइलचा डेटा स्वस्त झाला तेव्हा आपण काय केले, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या घरात जाईल, असा त्यांचा अंदाज आहे.

दीड टक्का ऐकून बरेच जण सुस्कारा सोडतात. इथेच सरासरी फसवते. दीड टक्का जगाचा, आयर्लंडचा किती? तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०१५ मध्ये देशातल्या मीटरवरच्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरांकडे जात होती, २०२३ मध्ये २१ टक्के. म्हणजे देशातल्या शहरी घरांना मिळून लागते त्याहून जास्त. डब्लिनच्या आसपास नव्या जोडण्या देणे वीजवाहिनी सांभाळणाऱ्या कंपनीला थांबवावे लागले. जगाच्या सरासरीत हे सगळे दिसतही नाही. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून कुणी पोरांना पाण्यात सोडते का?

आता आपल्याकडे येऊ. १०० मेगावॉटचे एखादे डेटा सेंटर धरा. आजकालच्या घोषणा याच्या कितीतरी पट असतात. ते पूर्ण भाराने चालले तर दिवसाला २४ लाख युनिट घेईल. महिन्याला दीडशे युनिट वापरणारी ४ लाख ८० हजार घरे जेवढी घेतात तेवढी. ही वीज ऐरोलीत पिकत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची एक थेट वाहिनी १९९९ पासून आहे, १५०० मेगावॉट वाहून नेणारी. मधल्या विदर्भ-मराठवाड्याच्या डोक्यावरून ती जाते, आणि मध्ये कुठेही तिची वीज उतरत नाही. महाराष्ट्राच्या विकासाचे चित्र कुणी काढायला सांगितले, तर मी ही एकच रेघ काढून देईन. तिच्या एका टोकाला २९२० मेगावॉटचे केंद्र, कोळशाच्या खाणी, राखेची तळी, आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अगदी वर बसवलेले शहर. दुसऱ्या टोकाला आपण, ‘कागद वाचवला’ म्हणून समाधानी.

कंपन्या म्हणतात, आम्ही पाणी वापरतच नाही, आमची शीतयंत्रे हवेवर चालतात. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण पाणी वाचवायला जास्त वीज लागते, आणि वीज करायला पाणी लागते. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या अधिसूचनेत जुन्या औष्णिक केंद्रांना पाण्याची मर्यादा घातली आहे ती युनिटमागे साडेतीन लिटरची. या मर्यादेने वरच्या २४ लाख युनिटचा हिशेब ८४ लाख लिटर होतो, रोजचा. त्यातली निम्मीच वीज कोळशाची धरा, तरी जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने ७६ हजार माणसांचे पाणी झाले. ते नव्या मुंबईच्या मोरबे धरणातून जात नाही, म्हणून नव्या मुंबईच्या खात्यात दिसत नाही. ते इरई धरणातून जाते, आणि चंद्रपूर शहर त्याच धरणातून पाणी पिते. औष्णिक वीज आणि पाणी यांचे नाते ज्याला पुस्तकी वाटत असेल त्याने २०१३ चा दुष्काळ आठवावा. परळीचे केंद्र तेव्हा पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले होते.

ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? १९२१ साली, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यात. धरण कशासाठी होते? सह्याद्रीवरचे पाणी कोकणात भिऱ्याला उतरवून मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना वीज द्यायची होती. आणि ती वीज वाईट नव्हती, हे लक्षात घ्या. ती आजच्या भाषेत हरित होती: धूर नाही, कोळसा नाही, इंधन वर्षाला आकाशातून फुकट. गिरणीच्या एका वार कापडामागे मुळशीची किती जमीन बुडाली, असा हिशेब त्या काळी कुणी मांडला असता, तर उत्तर नगण्यच आले असते. एका वारामागे चिमूटभर माती. पण मुळशीत पन्नासच्या आसपास गावांच्या भाताच्या खाचरांत पाणी शिरले होते, आणि तिथल्या माणसासाठी तो आकडा नगण्य नव्हता, शंभर टक्के होता. सत्याग्रह हरला. धरण झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. पाणी आजही पश्चिमेला जाते आणि उन्हाळा कडक झाला की पुण्याला मुळशीची आठवण येते.

मला मुळशीवरून ‘प्रगती नको’ असे म्हणायचे नाही. ती वीज नसती तर मुंबई आजची मुंबई झाली नसती, आणि मुळशीची पोरेही त्याच गिरण्यांत कामाला गेली असतील. मला एवढेच म्हणायचे आहे, की तेव्हा निदान वाद खऱ्या प्रश्नावर झाला. धरण कुठे, किती उंच, मोबदला काय, कुणाला विचारून? मुंबईकरांनी सदरे कमी शिवावेत असे बापटांनी सांगितले नाही. आज आपण मात्र नेमके तेच सांगत बसलो आहोत.

शंभर वर्षांनंतरची मुळशी पाहायची तर मुंबईत चेंबूरजवळच्या माहुलला जावे. रिफायनऱ्या, रसायनांचे कारखाने आणि ट्रॉम्बेचे वीजकेंद्र यांच्या कुशीत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतली माणसे नेऊन बसवली. हवा इतकी वाईट, की २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या आरोग्याच्या धोक्यावर बोट ठेवले आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या माणसांना तिथे राहायला भाग पाडू नये, असे सरकारला बजावले. ट्रॉम्बेचा कोळशावर चालणारा संच थांबवायचे घाटत होते. २०२३ मध्ये, मुंबईची विजेची मागणी वाढते आहे या कारणाने, त्याला मुदतवाढ मिळाली. ही वाढ कुणामुळे? एसींमुळेही आहे, मेट्रोमुळेही, नव्या टॉवरांमुळेही. डेटा सेंटरांचा त्यात नेमका वाटा किती, यावर ज्याला जे सोयीचे ते तो बोलतो, कारण केंद्रागणिक विजेचे आणि पाण्याचे आकडे लोकांपुढे ठेवायची सक्ती आपल्याकडे नाही. युरोपीय संघात ती आहे: ५०० किलोवॉटच्या वरच्या प्रत्येक डेटा सेंटरने २०२४ पासून वीज आणि पाण्याचा हिशेब द्यायचा. आपण २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला, राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कात सवलती दिल्या. सवलत लोकांच्या पैशातली, आणि हिशेब मात्र कंपनीचा खासगी. हे कुठले गणित?

‘पण आमची वीज शंभर टक्के अक्षय स्रोतांची आहे,’ हे उत्तर ठरलेले. त्यात तथ्य आहे. सौर आणि पवन प्रकल्पांना या कंपन्यांच्या रूपाने मोठे गिऱ्हाईक मिळाले, आणि ते मिळाले नसते तर काही प्रकल्प रखडले असते. पण ही शंभर टक्क्यांची बेरीज बहुधा वर्षाखेरीला केलेली असते. दुपारी राजस्थानात तयार झालेले युनिट कागदावर रात्री दोन वाजता रबाळ्यात खर्ची पडते. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता चंद्रपूरचा बॉयलर धगधगत असतो. वार्षिक जुळणी पुरेशी नाही हे खुद्द गूगलने मान्य केले, म्हणून तर २०२० साली त्यांनी तासागणिक कार्बनमुक्त विजेचे उद्दिष्ट जाहीर केले. आणि त्याच गूगलने २०२४ च्या अहवालात सांगितले, की २०१९ च्या तुलनेत आपले उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढले आहे. निदान त्यांनी सांगितले तरी.

हे झाले दूरच्या इमारतींचे. हातातल्या यंत्रांचा हिशेब थोडक्यात उरकतो, कारण तिथे वाद घालण्यासारखे फार नाही. नवा चांगला फोन बनताना साधारण ६० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो रोज चार्ज केला तरी वर्षाला सहा-सात युनिट वीज घेतो, म्हणजे आपल्याकडच्या विजेने चार-पाच किलो. भार वापरण्यात नाही, बनवण्यात आणि फेकण्यात आहे. दोन वर्षांनी बदलायचा फोन चार वर्षे टिकला तर जे साधते, ते जन्मभर मेल पुसून साधणार नाही. पण टिकणे फक्त आपल्या हातात कुठे आहे? बॅटरी गोंदाने चिकटवलेली, दुकानदार सांगतो, “दुरुस्तीला निम्मे पैसे घालण्यापेक्षा नवाच घ्या.” १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा थांबवली आणि नवी आवृत्ती घ्यायला नकार देणारे, एरवी धडधाकट असलेले संगणक जगभर एका रात्रीत म्हातारे झाले. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. बाकीच्यातला आपल्याकडचा पुष्कळसा कुर्ला, साकीनाका, धारावीसारख्या ठिकाणच्या गाळ्यांत जातो. तिथे उघड्या हातांनी बोर्ड भाजून कथील सोडवतात, वायरी जाळून तांबे काढतात. त्या कामगारांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या वस्तू खोलता येतात हे लक्षात ठेवणारे तेच उरले आहेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी जबाबदारी उत्पादकांवर टाकली हे ठीक, पण ती कागदी प्रमाणपत्रांवर न थांबता सुटे भाग आणि बदलता येणारी बॅटरी इथपर्यंत यायला हवी. युरोपात २०२७ पासून बॅटरी गिऱ्हाइकाला काढता आली पाहिजे, असा कायदा आहे. तेच कारखाने, तेच फोन. मग आपल्याकडे का नाही?

‘म्हणजे तुम्ही डिजिटलच्या विरोधात,’ असा शेरा येईल. मुळीच नाही. सातबाऱ्यासाठी तालुक्याला दोन फेऱ्या मारून तलाठ्याची वाट पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. आज तो उतारा घरबसल्या निघतो. त्यात वाचलेली एसटी, वाचलेली मजुरी आणि वाचलेली लाचारी यांच्यापुढे त्या उताऱ्याची वीज काहीच नाही. पण सातबाऱ्याला लागणारी वीज आणि कुणी न मागता प्रत्येक शोधावर चिकटवलेल्या एआयच्या उत्तराची वीज एकाच पोत्यात घालून ‘डिजिटल’ म्हणून विकली जाते, तेव्हा सातबारा ढालीसारखा पुढे धरलेला असतो.

राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या याचिका येतात तेव्हा जाहीर सुनावणी होते, कुणीही जाऊन बोलू शकतो. विचारायचे ते तिथे विचारायला हवे. एका मोठ्या ग्राहकासाठी नवी वाहिनी, नवे उपकेंद्र होणार असेल, तर त्याचा खर्च कुणाच्या दरात येणार? मुदतवाढ मिळालेल्या प्रत्येक जुन्या संचामागे कुणाची मागणी आहे? आमच्या घरच्या वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापून येतो. भाचीचा एसी कोणत्या महिन्यात किती चालला ते काकांना त्यावरून कळते, आणि ते तिला ऐकवतातही. ऐरोलीच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीच्या फाटकावर तेवढाच एक कागद लावायला काय हरकत आहे?